सिनेगॉगमागची बाग आणि शमिताची दोन वर्षे

(वर्धापनदिनाच्या सभेत बागमंडळाच्या वतीने केलेले भाषण)



आजच्या आनंदाच्या दिवशी बागमंडळालाही चार शब्द बोलू द्यावेत असे कार्यकारी मंडळाने ठरविले, त्याबद्दल आम्ही आभारी आहोत. आम्ही भाषणे करणारी माणसे नव्हेत. आमच्यातल्या तिघींचे आयुष्य रुग्णालयात नर्सिंग करण्यात गेले, दोघे कारखान्यातून निवृत्त झाले आणि बाकीच्यांनी घरसंसार सांभाळला. शेतकीचे शिक्षण आमच्यापैकी एकाचेही झालेले नाही. तरीही २०१० सालापासून सिनेगॉगच्या मागच्या बाजूची ती जमीन आम्ही राखत आलो आहोत. तिथे काय पिकते हे आपणांस ठाऊक आहे, कारण कढीपत्ता मागायला आपण सगळे येता. तिथे काय चुकले, आणि त्या चुकीतून आम्ही काय शिकलो, हे मात्र आजवर आम्ही कोणाला नीट सांगितले नाही. आज ते सांगायचे आहे.

आधी सुरुवातीचे थोडे. जागा नगरपालिकेची. मोडक्या खुर्च्या, बांधकामाचा राडारोडा आणि काटेरी झुडपे यांनी भरलेली. आमच्यातल्या काहींचे बालपण अलिबाग, पेण, रेवदंडा या भागात गेलेले, काहींचे मुंबईत. पण मुंबईकरांनाही मे महिन्यात गावच्या घरी जाऊन आलेली परसबाग आठवत होती. आपल्या बेने इस्राएल लोकांची आडनावेच मुळी गावांवरून पडलेली. तेव्हा आम्हांला वाटले, भाजीपाला लावणे म्हणजे काय मोठे! आळे करायचे, बी टाकायचे, पाणी घालायचे.

पहिल्याच वर्षी परमेश्वराने आमचा गर्व उतरवला. अलिबागेकडे वर्षाला दोन हजार मिलीमीटरांहून जास्त पाऊस पडतो. इथे बीरशेव्यात सुमारे दोनशे, म्हणजे दहावा हिस्सा, आणि तोही हिवाळ्यात. इथली पिवळी माती ही वाऱ्याने वाळवंटातून आणून टाकलेली बारीक धूळ आहे. तिला लोएस म्हणतात. पहिला पाऊस पडला की तिच्यावर पापडासारखा कडक थर बसतो, पाणी आत न मुरता वाहून जाते आणि खालचे कोवळे कोंब तो पापड फोडू शकत नाहीत. आम्ही पेरलेली मेथी अशीच खालच्या खाली मेली. आळूचे कंद लावले, ते उन्हाळ्यात करपले. नारळ रुजवायचा एका काकांचा हट्ट होता, तो पहिल्याच हिवाळ्यातल्या थंडीने संपवला.

मग आम्ही शिकायला लागलो. स्वयंपाकघरातली साले, देठ, चहाचा चोथा आणि वाळलेला पाला यांचे खत करून मातीत मिसळले. वाफ्यांवर पेंढा पसरला, म्हणजे पावसाचा थेंब मातीवर थेट आपटत नाही आणि पापडी धरत नाही. पाण्यासाठी ठिबकच्या नळ्या टाकल्या. आपल्या शहराच्या शेजारच्या हात्सेरीम किबुत्समध्ये १९६५ साली सिम्हा ब्लास यांच्या कल्पनेवरून या नळ्या बनवायला सुरुवात झाली आणि आज त्या साऱ्या जगात, आपल्या महाराष्ट्रातही, द्राक्षाच्या आणि डाळिंबाच्या मळ्यांतून दिसतात. आम्हां म्हाताऱ्यांना त्यांचा मोठा फायदा असा की, बादल्या उचलाव्या लागत नाहीत. काम एकच: इथल्या पाण्यातल्या क्षाराने ठिबकची तोंडे बुजतात, ती नियमाने तपासावी लागतात. हे तपासणे राहिले तर काय होते, ते पुढे सांगतो.

वालाची गोष्ट मात्र सांगितल्यावाचून राहवत नाही. आव महिन्याच्या नवमीच्या उपवासाला आपल्या आज्यापणज्यांनी 'बिरड्याचा सण' असे नाव दिले. मांसाहार वर्ज्य, आणि घरोघर मोड आणून सोललेल्या वालाचे बिरडे. हे बिरडे आपल्या हातच्या वालाचे करावे अशी आमची इच्छा. भारतीय दुकानातून खाण्यासाठी आणलेले कडवे वाल आम्ही बी म्हणून वापरले. कोकणात भात कापल्यावर, नोव्हेंबरच्या सुमारास, शेतातल्या ओलीवर वाल पेरतात. आम्हीही नोव्हेंबरात पेरले; जानेवारीच्या थंडीत सगळे गेले. पुढल्या वर्षी पेसाह झाल्यावर पेरले. वेल असे माजले की कुंपण दिसेना, पण चार महिने नुसता पाला. फूल नाही. एक मावशी म्हणाल्या, उपटून टाका. सुदैवाने आम्ही आळस केला. तिश्रीचे सण संपत आले, दिवस लहान झाले आणि सगळा वेल एकदम तुऱ्यांनी भरला. या वालाला फुलायला लहान दिवस लागतात, हे तेव्हा कळले. पेरायचे उन्हाळ्यात, शेंगा घ्यायच्या थंडी पडण्याआधी, दाणे वाळवून डब्यात ठेवायचे आणि बिरड्याच्या सणाची आठ-नऊ महिने वाट पाहायची. २०१२ सालच्या बिरड्याच्या सणाला प्रथमच आपल्या बागेतल्या वालाचे बिरडे झाले. वाटीवाटीनेच वाटले गेले, पण त्या दिवशी कित्येकांचे डोळे ओले झाले.

तोरेच्या आज्ञांनीही आम्हांला पुष्कळ शिकविले. गावच्या परसात काकडीच्या मांडवाखाली मिरची, मिरचीच्या अंगाला वाल असा सगळा एकत्र कारभार असे. या भूमीत निरनिराळ्या जातींची सरमिसळ करून पेरायचे नाही. रब्बींनी येऊन वाफ्यांची अंतरे आखून दिली. फळझाडाचे फळ पहिली तीन वर्षे खायचे नाही, म्हणून प्रत्येक झाडाला लागवडीचे वर्ष लिहिलेली पत्र्याची पट्टी बांधली. अंजिराला दुसऱ्याच वर्षी फळ धरले तेव्हा नातवंडांना आवरताना पुरेवाट झाली. आणि पिकलेले घरी नेण्याआधी देवाचा भाग बाजूला काढायचा. हे सर्व आपल्या कोकणातल्या पूर्वजांना पाळण्याची वेळ कधी आली नव्हती, कारण या आज्ञा बहुतांशी याच भूमीशी बांधलेल्या आहेत. दोन हजार वर्षांनी त्या आपल्या वाट्याला आल्या, हे भाग्यच म्हणायचे.

आता थोडे आमच्या धंद्यातले बोलतो. बागेत येणाऱ्यांपैकी बहुतेकांना रक्तदाब, मधुमेह किंवा गुडघेदुखी, आणि कित्येकांना तिन्ही. म्हणून पहिल्या काही महिन्यांतच आम्ही नर्सबायांनी नियम केले. उन्हाळ्यात काम सकाळी सहा ते आठ, नंतर थेट सूर्य कलल्यावर. येताच एक पेला पाणी प्यायचे, तहान नसली तरी. लघवी वाढविणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांना ऊन चटकन बाधते. अनवाणी चालायचे नाही. गावच्या सवयीने आमचे पुरुष चपला काढून वाफ्यात उतरत. मधुमेह्याच्या पायाला काटा रुतलेला कळत नाही. तो कळतो तेव्हा जखम चिघळलेली असते. एका काकांच्या तळव्यातून लिंबाचा काटा आम्ही काढला, तो आठ दिवस तिथेच होता. त्या दिवसापासून बंद बुटांशिवाय प्रवेश नाही. गुडघे न वाकणाऱ्यांसाठी टेबलाच्या उंचीचे दोन वाफे सुताराकडून करून घेतले. खुर्चीत बसून, चाकाच्या खुर्चीतूनसुद्धा, तिथे कोथिंबीर खुडता येते.

पेणच्या एक मावशी होत्या. त्यांना स्मृतिभ्रंश झाला होता. सुनेचे नाव आठवत नसे, आपण इस्राएलमध्ये आहोत हेही कधी कधी विसरत. पण मोड आलेल्या वालाचे पातेले पुढे ठेवले की अंगठ्याच्या एका दाबाने साल वेगळे आणि दाणा वेगळा, असा त्यांचा हात चाले. आम्हां कोणाची त्यांच्याशी बरोबरी होत नसे. त्या तासाभरात त्या कोणाच्या रुग्ण नसत. औषधाने जे साधत नाही असे काही आहे, हे आम्ही नोकरीत ऐकले होते. बागेत ते पाहिले.

आता मुख्य गोष्ट.

तोरेत आज्ञा आहे की सहा वर्षे जमीन कसावी आणि सातव्या वर्षी तिला विसावा द्यावा. ते शमिताचे वर्ष. आमच्या बागेच्या वाट्याला पहिला शमिता आला तो ५७७५ सालचा, म्हणजे २०१४-१५ चा. पेरणी नाही, लागवड नाही. आमच्यात वाद झाला. कोणी म्हणाले, कुंड्यांतून काहीतरी चालू ठेवू. कोणी म्हणाले, आज्ञा ती आज्ञा, पूर्ण बंद करू. शेवटी पूर्ण बंद करायचे ठरले. रोश हाशानाच्या आदल्या दिवशी आम्ही अवजारे धुऊन पुसून ठेवली, ठिबकचे घड्याळ झाडांपुरते लावले, फाटकाला कुलूप घातले आणि किल्ली गब्बायांच्या कपाटात ठेवली. आम्हांला वाटले, आपण आज्ञा तंतोतंत पाळली.

रेवदंड्याचे एक काका होते. वय ८४. पत्नी वारलेली, मुलगा दूर उत्तरेकडे. तिसऱ्या मजल्यावर एकटे राहात. बाग सुरू झाल्यापासून ते रोज पहाटे सर्वांआधी येत, ठिबकची तोंडे एकेक करून तपासत आणि आठ वाजता घरी जात. फारसे बोलत नसत. शब्बाथला सिनेगॉगात मागच्या बाकावर बसत. कुलूप लागल्यावर त्यांना रोज सकाळी जिना उतरायचे कारण उरले नाही. दोन शब्बाथ ते दिसले नाहीत तेव्हा आम्ही म्हणालो, मुलाकडे गेले असतील. तिसऱ्या वेळी म्हणालो, गुडघा दुखत असेल. पाच आठवड्यांनी आमच्यातली एकजण सहज दारावर गेली. काकांनी दार उघडायला फार वेळ लावला. अंगावरचे कपडे सैल झालेले. स्वयंपाकघरात पाव आणि चहा, बाकी काही नाही. गोळ्यांची पाकिटे न उघडता पडलेली. आम्ही त्यांना दवाखान्यात नेले, मुलाला बोलावले, डबे सुरू केले. पण गेलेली ताकद परत आली नाही. एकदा पडले आणि तेवत महिन्यात वारले.

कुलुपामुळे ते गेले, असे आम्ही म्हणत नाही. हृदय आधीच कमकुवत होते, वय झालेले होते, आणि आयुष्याची दोरी परमेश्वराच्या हाती. पण नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला शिकविले जाते की, अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाचे स्नायू किती झपाट्याने जातात. आम्ही ते पाठ केले होते, परीक्षेत लिहिले होते, तीस-तीस वर्षे वॉर्डात पाहिले होते. आणि आपल्याच माणसाच्या बाबतीत आम्ही पाच आठवडे शब्बाथच्या रिकाम्या बाकाकडे पाहून काहीबाही समजून घेत राहिलो. आम्हांला वाटत होते की बाग म्हणजे भाजी. भाजी नाही तर बाग नाही. काकांसाठी बाग म्हणजे सकाळी उठायचे कारण होते, आणि आमच्यासाठी ते आले आहेत हे रोज कळण्याची सोय होती. दोन्ही आम्ही कुलुपात ठेवले.

काकांच्या मागे ठिबकची तोंडेही कोणी तपासली नाहीत. घड्याळ चालू, पण पाणी नाही. उन्हाळा येईतो लिंबाचे झाड आणि जुना कढीपत्ता वाळून गेला. २०१५ च्या सुकोथनंतर आम्ही कुलूप उघडले तेव्हा त्या वाळलेल्या झाडांपुढे बराच वेळ कोणी काही बोलले नाही.

त्या दिवशी आम्ही एक साधी वही आणली. वॉर्डात ड्यूटी बदलताना रुग्णांची नोंद पुढच्या नर्सच्या हाती देतात, तशी. जो येईल त्याच्या नावापुढे खूण. ज्याच्या नावापुढे सलग दोन दिवस खूण नाही, त्याला त्याच संध्याकाळी फोन. फोन उचलला नाही तर जवळ राहणाऱ्याने दारावर जायचे. 'असतील कुठे तरी' असे म्हणायला बंदी. एवढाच नियम. आज त्या वहीचा अकरावा भाग चालू आहे. त्या वहीमुळे एका मावशींचा अर्धांगवायूचा झटका तासाभरात लक्षात आला; त्या आज या सभेत समोर बसल्या आहेत आणि आमच्याकडे पाहून हसत आहेत. २०२० साली करोनामुळे घरात बसावे लागले तेव्हा बाग बंद होती, पण वही चालू होती.

मग दुसरा शमिता आला, ५७८२ सालचा, २०२१-२२. या वेळी आम्ही आधी रब्बींकडे गेलो आणि नीट विचारले: काय बंद करायचे, आणि काय बंद करायचे नाही? तेव्हा कळले की पहिल्या वेळी आम्ही आज्ञेचा अर्धा भाग पाळला आणि अर्धा उलटा केला. पेरणी-लागवड बंद हे खरे. पण झाडे मरू नयेत एवढे पाणी देता येते. आणि त्या वर्षी झाडावर आलेले फळ कोणाच्या मालकीचे नसते. गरीब, शेजारी, परका, ज्याला हवे त्याने घरापुरते न्यावे. ते विकायचे नाही, नासवायचे नाही. म्हणजे शमितात फाटकाला कुलूप घालायचे नसते. असलेले काढायचे असते.

आम्ही कुलूप काढले. वाफे ओसाड ठेवले. अंजीर आणि डाळिंबाखाली चार बाक टाकले आणि रोजच्या वेळी येऊन नुसते बसू लागलो. सुरुवातीला फार अवघड गेले. कामाची सवय असलेल्या माणसाला हात मांडीवर ठेवून बसता येत नाही. एक मावशी घरून वाल सोलायला घेऊन येत. पण वही भरत होती. कोणी गळाले नाही.

२०२२ च्या उन्हाळ्यात अंजीर पिकले, मग डाळिंबे. उघडे फाटक पाहून शेजारची माणसे डोकावू लागली. आम्ही म्हणालो, या, घ्या, यंदा हे तुमचेही आहे. वरच्या इमारतीतली, सोव्हिएत संघातून आलेली एक बाई आली. बोलता बोलता आमच्या शेपूची गोष्ट निघाली, इथे ज्याला शमीर म्हणतात तो. तिच्या घरी तो रोज लागतो, आणि आपल्याही. वीस वर्षे आम्ही एकाच नळाचे पाणी पीत होतो आणि हे ठाऊक नव्हते. इथिओपियाहून आलेल्या एक आजी आल्या. कुंडीतल्या तुळशीचे पान त्यांनी तळहातावर चोळले, हुंगले आणि डोळे मिटले. त्यांच्या स्वयंपाकात तुळशीच्या जातीचेच पान वाळवून मसाल्यात घालतात. त्यांना आमची हिब्रू समजेना, आम्हांला त्यांची. पण ते पान दोघींना समजले. मोरोक्कोकडच्या एका शेजाऱ्याने विचारले, चहात घालायचा शीबा तुमच्याकडे नाही? नव्हता. शमिता संपल्यावर त्याने स्वतः रोप आणून लावले, आणि तो अजून त्याला पाणी घालायला येतो. त्याचेही नाव आता वहीत आहे.

आपल्यापैकी काहींना हे आवडले नाही, हे आम्ही जाणतो. ते म्हणतात, आपली माणसे थोडी, आपली भाषा घरात मुलांच्या तोंडी उरली नाही. निदान एक जागा तरी निव्वळ आपली असावी, जिथे मराठी बोलावे आणि वालाचा वेल पाहावा. या म्हणण्यात खोटे काही नाही, आणि त्यामागचे दुःख आमचेही आहे. आमचे उत्तर एवढेच, की कुलूप लावलेल्या वर्षी आपली जागा निव्वळ आपली होती, आणि त्याच वर्षी आपण आपले माणूस गमावले. फाटक उघडल्यावर मराठी कमी झाली नाही. उलट इथिओपियाच्या आजी आज 'कसं काय, बरं आहे ना?' असे विचारतात, आणि ते ऐकून आपली नातवंडे, जी कधी मराठीत एक शब्द बोलत नाहीत, तीही हसून तेच म्हणू लागली आहेत.

२०२३ च्या ऑक्टोबरनंतरचे दिवस आपण सर्वांनी भोगले, त्यावर आम्ही काय बोलावे! भोंगा वाजल्यावर बीरशेव्यात एक मिनिट मिळते. काठीने चालणाऱ्याला एक मिनिट म्हणजे किती, हे आम्ही घड्याळ लावून मोजले. जो मिनिटाच्या आत निवाऱ्यात पोहोचू शकत नाही, त्याने मागच्या वाफ्यांकडे जायचे नाही. त्याच्यासाठी उंच वाफे निवाऱ्याच्या दाराशी आणून ठेवले. १९ जून २०२५ ला सोरोका रुग्णालयावर क्षेपणास्त्र पडले, त्या दिवशी आम्हां नर्सबायांची मने कशी झाली ते सांगता येत नाही. बाग बंद होती. वही मात्र त्या दिवशी सकाळी दहाच्या आत पूर्ण भरली. प्रत्येक नावापुढे खूण, मराठीही आणि इतरही.

बंधुभगिनींनो, आता मागणे.

२०१० साली आम्ही अकरा जण होतो. त्यांपैकी आज चौघे हयात आणि चालते आहोत. पुढे आणखी सातजण मिळाले, तेही साठीच्या पुढचे. पुढचा शमिता २०२८-२९ साली येईल. त्या वर्षी फाटक उघडे ठेवायला आमच्यापैकी कोण असेल, हे परमेश्वर जाणे. खत, नळ्या, बियाणे यांसाठी आम्ही आज पैसे मागत नाही. आपण नेहमीच दिलेत. आम्हांला माणसे हवी आहेत. कार्यकारी मंडळाने ही वही आपल्या कामात घ्यावी, जशी सेफेर तोराची आणि हिशेबाची काळजी घेतली जाते तशी, आणि ती सांभाळायला दोन तरुण माणसे नेमावीत. त्यांना मातीत हात घालता आला नाही तरी चालेल. फोन करता आला आणि जिना चढता आला की पुरे. बाकी आम्ही शिकवू. वाल केव्हा पेरायचा हेही.

आणि आपण जे एकटे राहता, ज्यांना वाटते की आता आपला बागेत काय उपयोग, त्यांना हात जोडून सांगतो: कामासाठी येऊ नका. नुसते या. एक पेला पाणी प्या, बाकावर बसा, आणि आपल्या नावापुढे खूण करू द्या. ती खूण म्हणजे तुमची आमच्यावर मेहेरबानी आहे, कारण त्या रात्री आम्हांला झोप लागते.

दरवर्षी तु बिश्वातला, कोकणात अलिबागजवळच्या खंडाळा गावी ज्या दिवशी आपले लोक एलियाहू हन्नबीच्या उरुसाला जमत आले, त्याच दिवशी आपण इथे मलिदा करतो. त्या तबकातली सब्जाची काडी आपल्या बागेतली असते. येत्या तु बिश्वातला ती काडी हातात घेऊन सुवासाचा आशीर्वाद म्हणाल, तेव्हा रेवदंड्याच्या काकांची आठवण करा. ज्या कोपऱ्यात ते ठिबकची तोंडे तपासत बसत, त्याच कोपऱ्यात ती उगवते.

आपल्या सिनेगॉगला परमेश्वर उदंड आयुष्य देवो, आणि त्याचे व बागेचे अशी दोन्ही दारे सदा उघडी राहोत. आमेन.

शालोम.